गायकी, वारसा आणि पात्रनिवड : ‘कट्यार काळजात घुसली’च्या पुनरुज्जीवनातील खाँसाहेबांच्या भूमिकेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककार, संगीतकार आणि गायक नट यांच्या कर्तृत्वाच्या क्रमाने लिहिला जातो. कोणते नाटक कधी रंगभूमीवर आले, कोणत्या मंडळीने केले, कोणाची पदे गाजली याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु गाजलेले संगीत नाटक मूळ नटाच्या पश्चात पुन्हा उभे करताना त्यातील प्रमुख भूमिका कोणाकडे सोपवावी, या प्रश्नाकडे स्वतंत्रपणे फारसे पाहिले जात नाही. वस्तुतः संगीत नाटकाचे आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. संहिता छापलेली असते, चाली लोकांच्या ओठांवर असतात, प्रेक्षकही येण्यास तयार असतो. पण ती भूमिका पेलणारा गळा मिळाला नाही तर नाटक ग्रंथालयाच्या कपाटातच राहते.

प्रस्तुत लेखात पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकातील खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका आणि २०१० मध्ये झालेल्या त्याच्या पुनरुज्जीवनातील पात्रनिवड यांचा विचार केला आहे. ही निवड केवळ नाट्यव्यवसायातील एक घटना नव्हती. गायकी ही रक्ताच्या वारशाने मिळते की साधनेने, हा जो प्रश्न नाटकात मांडला आहे तोच या निवडीने प्रत्यक्षात उभा केला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम संगीत नाटकातील भूमिकांच्या वारशाची परंपरा, नंतर खाँसाहेबांच्या भूमिकेची घडण आणि पुढे २०१० व २०१५ मधील दोन वेगवेगळ्या निवडी पाहिल्या आहेत. अखेरीस परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या, मोठ्या नाट्यगृहांपासून दूर असलेल्या गावाच्या दृष्टीने या प्रश्नाला कोणता अर्थ आहे, याचाही परामर्श घेतला आहे.

संगीत नाटकातील भूमिकांचा वारसा

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्या संचात शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदार यांनी केली होती. पुढे १८८२ मध्ये बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि त्यांच्या गळ्यामुळे स्त्रीभूमिकांचे स्वरूपच बदलले. म्हणजे पहिल्याच संगीत नाटकाच्या बाबतीत, अवघ्या दोन वर्षांत, प्रमुख भूमिका नव्या गळ्याकडे गेली. संगीत नाटकातील भूमिका पहिल्या नटाजवळ कायम राहत नाही आणि आवाज हा पात्रनिवडीचा निर्णायक निकष असतो, ही गोष्ट तेव्हापासूनच स्पष्ट झालेली दिसते.

भाऊराव १९०१ मध्ये निवर्तले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेतून त्यांनी रंगभूमीवर पदार्पण केले. मंडळीने नव्या नटाची परीक्षा नव्या नाटकातून न घेता पंचवीस वर्षांच्या जुन्या, प्रेक्षकांना पाठ असलेल्या भूमिकेतून घेतली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. जुनी भूमिका ही नव्या गायक नटासाठी कसोटी होती. प्रेक्षकांच्या कानात आधीचा आवाज घुमत असताना स्वतःचा आवाज रुजवणे, हीच ती कसोटी होय.

या परंपरेत नव्या नटापुढे सामान्यतः तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग अनुकरणाचा. पूर्वीच्या नटाच्या हरकती, ताना, शब्द उच्चारण्याची लकब जशीच्या तशी उचलणे हा तो मार्ग होय. बालगंधर्वांच्या गायकीचे अनुकरण करणारे अनेक गायक महाराष्ट्रात झाले, ते याच मार्गाचे प्रवासी होत. दुसरा मार्ग पुनर्रचनेचा. ‘संगीत मानापमान’ (१९११) मधील धैर्यधराची भूमिका प्रथम नानासाहेब जोगळेकर यांनी केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या प्रसिद्ध ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव भोसले धैर्यधर म्हणून उभे राहिले. पुढे बळवंत संगीत मंडळीच्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी हीच भूमिका केली, तेव्हा त्यांनी काही पदांना स्वतःच्या आक्रमक, तडफदार गायकीला साजेशा नव्या चाली दिल्या. एकच भूमिका निरनिराळ्या गळ्यांत गेली आणि प्रत्येक वेळी ती थोडी नव्याने लिहिली गेली.

तिसरा मार्ग कुलपरंपरेचा. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याची प्रथा रूढ झाल्यावर बालगंधर्वांच्या गाजलेल्या भूमिका गायक अभिनेत्रींकडे आल्या. जयराम आणि जयमाला शिलेदार यांच्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने ही नाटके दीर्घकाळ जिवंत ठेवली आणि जयमालाबाईंच्या पश्चात तो वारसा त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांनी २०२२ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला. येथे घर हीच शाळा होती. मुलीला आईच्या विंगेत उभे राहून भूमिका पाठ होत असे.

पाश्चात्त्य संगीत रंगभूमीशी तुलना केल्यास मराठी संगीत नाटकातील अडचण अधिक स्पष्ट होते. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ (१७९१) मधील रात्रीच्या राणीची अत्यंत अवघड भूमिका त्याने आपली मेहुणी जोसेफा होफर हिच्या आवाजासाठी लिहिली. तीही विशिष्ट गळ्यासाठीच घडलेली भूमिका होती. परंतु तिचा प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला असल्यामुळे दोन शतके निरनिराळ्या गायिका ती गाऊ शकल्या. मराठी नाट्यपदाचे तसे नाही. त्याचे शब्द आणि चालीचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो. आलाप, बोलताना, तानांची फेक, ‘वन्समोअर’ आल्यावर केलेला विस्तार हे सर्व नटाने त्या त्या रात्री रचलेले असते. म्हणून मराठी संगीत नाटकात प्रमुख नटाची निवड करणे म्हणजे एका अर्थाने नाटकाला नवा सहसंगीतकार निवडणे होय. पाश्चात्त्य निर्माता स्वरलेखन हाती देऊन गायकाची चाचणी घेऊ शकतो. मराठी निर्मात्याला मात्र गायकाने आजवर काय ऐकले आहे आणि ते त्याच्या गळ्यात किती मुरले आहे, हे पाहावे लागते.

खाँसाहेबांच्या भूमिकेची घडण

१९३०च्या दशकात बोलपटांच्या आगमनानंतर ओसरलेली संगीत रंगभूमी १९६०च्या दशकात पुन्हा बहरास आली. विद्याधर गोखले यांची ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) व ‘मंदारमाला’ (१९६३), वसंत कानेटकर यांचे ‘मत्स्यगंधा’ (१९६४), वि. वा. शिरवाडकर यांचे ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) ही नाटके या पुनरुत्थानाची साक्ष देतात. शेवटच्या दोन नाटकांचे संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्वांचे निधन झाले आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आणले. एका युगाचा अस्त आणि दुसऱ्या वळणाचा आरंभ एकाच वर्षात घडला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

नाटकाचे लेखक व दिग्दर्शक दारव्हेकर हे नागपूरचे. खाँसाहेबांच्या भूमिकेतील डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी मूर्तिजापूर येथे झाला असला तरी त्यांचे बालपण नागपुरातच गेले आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे लाहोर येथे असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून त्यांनी गाणे सांभाळले. ‘कट्यार’ आले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणारी, अनेक ठिकाणी ऐकून, वेचून घडवलेली ही गायकी होती. घराण्याचा कट्टर अभिमानी असलेला खाँसाहेब रंगवण्यासाठी निवडलेला गायक स्वतः मात्र घराण्याच्या भिंती न मानणारा होता, हा विरोधाभास पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नाटकाचे कथानक सुपरिचित आहे. विश्रामपूर संस्थानाचे राजगायक पंडित भानुशंकर यांच्या जागी खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले येतात. पद, हवेली आणि मानाची कट्यार त्यांना मिळते. पंडितजींकडे शिकण्याच्या ओढीने आलेला सदाशिव खाँसाहेबांचे गाणे आडून ऐकत आत्मसात करू लागतो. पण आपली विद्या घराण्याबाहेर जाऊ देण्यास खाँसाहेब तयार नाहीत. सदाशिवाच्या गाण्यापुढे त्यांचा अहंकार गळून पडतो, हा नाटकाचा उत्कर्षबिंदू होय. मूळ संचात भार्गवराम आचरेकर पंडितजींच्या, प्रसाद सावकार सदाशिवाच्या, तर फैयाज खाँसाहेबांची मुलगी झरीना हिच्या भूमिकेत होत्या.

या भूमिकेची कठीणता चार पातळ्यांवर सांगता येते.

पहिली पातळी गायनाची. या नाटकात गायन हाच संघर्षाचा विषय आहे. एकच पद पंडितजी आणि खाँसाहेब निरनिराळ्या पद्धतीने गातात आणि त्या फरकातून दोन स्वभाव, दोन संस्कार प्रेक्षकाला कळतात. ‘घेई छंद’ हे पद त्याचे उदाहरण होय. त्यामुळे खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्याने उत्तम गाणे पुरेसे ठरत नाही. ते पंडितजींपेक्षा वेगळे आणि तरीही तोलामोलाचे असावे लागते. ‘सुरत पिया की’सारखी रागमाला रंगमंचावर, अभिनय सांभाळत, पार्श्वगायनाचा आधार न घेता सादर करण्यासाठी रागसंगीताची पक्की बैठक लागते.

दुसरी पातळी भाषेची. खाँसाहेब बरेलीचे आहेत. त्यांची उर्दूमिश्रित बोली हा त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे. ‘ख’ आणि ‘ख़’, ‘ज’ आणि ‘ज़’ यांतील भेद ज्याच्या जिभेवर नाही, त्याच्या तोंडी हे संवाद नकली वाटतात. शुद्ध मराठी नाट्यपदांच्या संस्कारात वाढलेल्या अनेक गायकांची अडचण नेमकी येथे होते.

तिसरी पातळी वयाची. खाँसाहेब हे उपवर मुलीचे वडील आहेत. दीर्घकाळ डावलले गेल्याची कटुता त्यांच्या मनात साठलेली आहे. ही कटुता तरुण वयात खरी वाटावी यासाठी विशेष अभिनयसामर्थ्य लागते. गळा मात्र तरुणाच्या ताकदीचा हवा. परिपक्व चेहरा आणि ताजा गळा ही जोडी सहजासहजी आढळत नाही.

चौथी पातळी ऐकण्याची, आणि तीच सर्वांत अवघड म्हणावी लागेल. नाटकाच्या अखेरीस खाँसाहेबांना गायचे नसते, ऐकायचे असते. समोरचा मुलगा आपलीच विद्या आपल्यासमोर मांडतो आहे, हे जाणवून राग, विस्मय आणि शरणागती ही अवस्थांतरे त्यांनी मौनातून दाखवायची असतात. मैफलीत सतत दाद घेण्याची सवय असलेल्या गायकाला दुसऱ्याला दाद देण्याचा अभिनय करणे सोपे नसते.

वसंतरावांच्या पश्चात

३० जुलै १९८३ रोजी वसंतरावांचे निधन झाले. नंतर त्यांचे शिष्य पं. चंद्रकांत लिमये यांनीही खाँसाहेबांची भूमिका केली. भूमिकेचा हा पहिला वारसा गुरुशिष्य परंपरेचा होता, ही नोंद अवश्य घ्यावयास हवी. नंतरच्या चर्चेत रक्ताच्या नात्याचा उल्लेख इतक्या वेळा झाला, की शिष्याने पेललेला हा दुवा अनेकदा विसरला जातो.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती आणि आकाशवाणी यांमुळे वसंतरावांचा खाँसाहेब घरोघरी पोहोचला. पूर्वीच्या काळी नट गेल्यावर त्याचा आवाज केवळ आठवणीत उरत असे आणि आठवण हळूहळू सैल होत असे. त्यामुळे नव्या नटाला जागा मिळे. भाऊरावांचा आवाज ज्यांनी ऐकला नव्हता अशी पिढी बालगंधर्वांना निर्वेधपणे स्वीकारू शकली. ध्वनिमुद्रणाने ही सोय काढून घेतली. १९८३ नंतर जन्मलेल्या श्रोत्यालाही मूळ तान जशीच्या तशी ऐकता येऊ लागली आणि नव्या नटाची तुलना जिवंत पुराव्याशी होऊ लागली. नटाने रात्रीच्या भरात केलेला एखादा विस्तार मुद्रणामुळे जणू संहितेचा भाग बनला. जे स्वरलेखन मराठी नाट्यसंगीताने केले नव्हते, ते काम ध्वनिफितीने केले. आणि त्याबरोबर दुसऱ्या मार्गाची, म्हणजे दीनानाथांसारख्या पुनर्रचनेची, वाट पुष्कळच अरुंद झाली.

२०१०ची निवड

सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली २०१० मध्ये ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आले. त्या वेळी पं. अभिषेकी (निधन १९९८) आणि दारव्हेकर (निधन १९९९) हे दोघेही हयात नव्हते. लेखक, संगीतकार आणि मूळ नायक या तिघांपैकी संमती किंवा नापसंती देणारे कोणीच उरले नव्हते. खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी राहुल देशपांडे यांची आणि सदाशिवाच्या भूमिकेसाठी महेश काळे यांची निवड झाली. पहिले वसंतरावांचे नातू, दुसरे पं. अभिषेकींचे शिष्य.

वरवर पाहता ही निवड नाटकाच्या आशयाला छेद देणारी वाटते. विद्या ही घराण्याची मिरास नाही, हे सांगणाऱ्या नाटकात खाँसाहेबांचे पद आजोबांकडून नातवाकडे जावे, यात विसंगती आहे असा आक्षेप कोणी घेतल्यास तो निराधार म्हणता येणार नाही. व्यवसायाच्या दृष्टीने आडनावाचे मोल असते, हेही उघड आहे. जाहिरातीतील एका नावाने जुना प्रेक्षक नाट्यगृहाकडे वळतो.

परंतु तारखांकडे बारकाईने पाहिल्यास चित्र बदलते. राहुल देशपांडे यांचा जन्म १० ऑक्टोबर १९७९चा. आजोबा गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे समोर बसून तालीम मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे संगीतशिक्षण गंगाधरबुवा पिंपळखरे, मधुसूदन पटवर्धन, उषा पटवर्धन आणि मुकुल शिवपुत्र अशा निरनिराळ्या गुरूंकडे झाले. आजोबांची गायकी त्यांना मिळू शकत होती ती प्रामुख्याने ध्वनिमुद्रणांतून आणि ज्यांनी वसंतरावांना ऐकले होते त्यांच्या सांगण्यातून. गुरू समोर नाही, पण त्याचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो आणि शिष्य तो कानाने टिपत राहतो, ही अवस्था नाटकात कोणाची आहे? ती सदाशिवाची आहे. रक्ताने खाँसाहेबांचा वारस असलेला हा गायक शिकण्याच्या पद्धतीने सदाशिवाच्याच जागी उभा होता.

उलटपक्षी, महेश काळे यांना पं. अभिषेकींच्या सहवासात राहून गुरुकुल पद्धतीने तालीम मिळाली. म्हणजे ज्याला नाटकात गुरू लाभत नाही त्या सदाशिवाची भूमिका प्रत्यक्ष गुरुमुखातून शिकलेल्या शिष्याकडे आली आणि घराण्याचा अभिमान मिरवणाऱ्या खाँसाहेबांची भूमिका ऐकून शिकलेल्या नातवाकडे. दोघांच्या भूमिका आणि दोघांचे शिक्षण यांची अशी अदलाबदल झाली. नाटकाचा आशय या निवडीने खोडला गेला नाही. तो वेगळ्या रीतीने पुन्हा सिद्ध झाला. आडनावाने दार उघडून दिले असेल, पण रंगमंचावर तिसऱ्या घंटेनंतर आडनाव गात नाही. तेथे जे लागते ते नातवालाही नव्यानेच मिळवावे लागले.

वयाच्या पातळीवर मात्र ही निवड धाडसाची होती. मूळ खाँसाहेब सत्तेचाळीस वर्षांचे होते, नवे तीस-एकतीस वर्षांचे. वयाचे अंतर रंगभूषेने भरून काढता येते, अनुभवाचे अंतर भरणे कठीण असते. येथे दिग्दर्शकाने गळ्याला अग्रक्रम दिला, असे दिसते. भाऊरावांपासून चालत आलेला निकषच पुन्हा एकदा वरचढ ठरला.

चित्रपटातील दुसरी निवड

पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, सुबोध भावे यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘कट्यार’ चित्रपटरूपात आले. तेथे पात्रनिवडीचा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर होते, आवाज राहुल देशपांडे यांचा होता. सदाशिव स्वतः भावे झाले, आवाज महेश काळे यांचा. पंडितजींची भूमिका करणारे शंकर महादेवन तेवढे स्वतःसाठी गायले. पार्श्वगायनाच्या सोयीमुळे परिपक्व चेहरा आणि तयार गळा दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून घेता आला. रंगमंचावर जे एका माणसात शोधावे लागते ते पडद्यावर वाटून देता येते.

असे उदाहरण परदेशातही आहे. ‘माय फेअर लेडी’ रंगभूमीवर १९५६ मध्ये आले तेव्हा नायिका ज्युली अँड्र्यूज स्वतः गात असत. १९६४च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांनी भूमिका केली आणि बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली.

मराठीत या विभागणीला मान्यताही मिळाली. ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटासाठी आनंद भाटे, ‘कट्यार काळजात घुसली’साठी महेश काळे आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. यांपैकी पहिल्या दोन चित्रपटांत पडद्यावरचा चेहरा गायकाचा नव्हता. ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये मात्र आजोबांची भूमिका नातवानेच केली आणि गाणीही त्यानेच गायिली. चेहरा आणि गळा पुन्हा एका ठिकाणी आले.

या गौरवाचा आनंद मानताना एक धोका ध्यानी घ्यावा लागतो. गाणारा वेगळा आणि अभिनय करणारा वेगळा, ही व्यवस्था प्रेक्षकाच्या अंगवळणी पडली, तर दोन्ही एका देहात घडवण्याचे कष्ट कोण घेईल? संगीत नाटकाचे सामर्थ्य त्या एकत्वात होते. तान घेताना नटाच्या कपाळावर उमटणारी शीर आणि त्याच क्षणी पात्राच्या मनातील राग या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नसत.

पिंगळीच्या संदर्भात

परभणी ते पूर्णा या लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावात ‘कट्यार’सारखे मोठा संच, जिवंत साथसंगत आणि सुसज्ज रंगमंच मागणारे नाटक येण्याची शक्यता थोडी. असे दौरे प्रामुख्याने नाट्यगृहे असलेल्या शहरांपुरते मर्यादित राहतात. अशा गावांना खाँसाहेब भेटण्याचा मार्ग आकाशवाणी, ध्वनिफीत आणि अलीकडे भ्रमणध्वनी हाच असू शकतो. म्हणजे येथील श्रोताही सदाशिवच आहे. त्याने हवेली पाहिलेली नाही, आतून येणारे गाणे तेवढे ऐकले आहे.

तरीही या परिसराजवळ काही जमेच्या बाजू आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. दखनी बोलीचा कानावरचा संस्कार मराठवाड्यात आजही टिकून आहे. परभणीतील हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व जातिधर्मांचे लोक येतात. खाँसाहेबांची बरेलीकडील उर्दू आणि मराठवाड्यातील दखनी यांत फरक आहे. पण उर्दू शब्दांचे वजन आणि लय जिच्या कानाला परकी नाही अशी मुले येथे आहेत. दुसरीकडे गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या या जिल्ह्यात भजन, कीर्तन आणि हरिनाम सप्ताह यांनी खुल्या आवाजात, ठेक्यावर पक्के गाण्याची सवय लावलेली आहे. भूमिकेच्या चार पातळ्यांपैकी भाषा आणि गळ्याचा मोकळेपणा या दोन गोष्टींचे बीज येथे आहे. उणीव आहे ती रागसंगीताच्या सलग तालमीची आणि अभिनय व गायन एकत्र शिकवणाऱ्या व्यवस्थेची.

शासनाच्या राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांनाही पात्रनिवडीचा हाच पेच सोडवावा लागतो. गाणारा मिळतो, तो संवादात अडखळतो. बोलणारा मिळतो, तो षड्जावर ठरत नाही. हौशी संस्थेजवळ पार्श्वगायनाचा मार्ग नसतो आणि प्रसिद्ध आडनावही नसते. तिच्यासमोर एकच वाट उरते : गळा ओळखणे आणि त्याला वेळ देणे.

निष्कर्ष

१) मराठी संगीत नाटकातील प्रमुख भूमिकेचा मोठा भाग अलिखित असतो. त्यामुळे पुनरुज्जीवनातील पात्रनिवड ही नटाची निवड असतेच, पण गायकीचा वारसा कोणाकडे द्यावा याचाही तो निर्णय असतो.

२) अनुकरण, पुनर्रचना आणि कुलपरंपरा हे वारशाचे तीन मार्ग या रंगभूमीच्या इतिहासात आढळतात. ध्वनिमुद्रणाच्या प्रसारानंतर पुनर्रचनेचा मार्ग अधिक कठीण झाला.

३) ‘कट्यार’च्या २०१०च्या प्रयोगातील निवड वरवर कुलपरंपरेची दिसत असली, तरी नातवाला आजोबांची प्रत्यक्ष तालीम मिळालेली नव्हती. श्रवणाने आणि साधनेनेच ती गायकी त्यांच्याकडे येऊ शकली. नाटकाच्या प्रतिपाद्याशी ही बाब सुसंगत आहे.

४) चित्रपटाने चेहरा आणि गळा वेगळे करून प्रश्न सोडवला, रंगभूमीला ती सवलत नाही. म्हणून गायक नट घडवणारे शिक्षण ही संगीत रंगभूमीची मूलभूत गरज ठरते.

५) पुनरुज्जीवने केवळ प्रसिद्ध घराण्यांच्या वारसांवर विसंबून राहिली, तर वारस नसलेली नाटके काळाच्या ओघात लुप्त होतील. महाविद्यालये, हौशी संस्था आणि गावोगावची भजनी मंडळे यांतून गळ्यांचा शोध घेतला जाणे अगत्याचे आहे.

खाँसाहेबांना अखेरीस जे उमगते ते एवढेच की, दाराआडून ऐकणाऱ्याचाही गाण्यावर हक्क असतो. ‘कट्यार’ची पुढची पिढी कदाचित अशाच एखाद्या दाराआड ऐकत बसलेली असेल. ते दार पुण्या-मुंबईतच असले पाहिजे, असे नाही.